झाकणाचं वजन

तिला रागवायला कारण लागत नाही, असं लोक म्हणत. लागायचं. लोकांना ते दिसायचं नाही, एवढंच. कुणी चहाचा कप टेबलावर आपटला की तिच्या कपाळाला आठी पडायची, आणि अलगद ठेवला तरी पडायची, जर तो रिकामा असून भरल्यासारखा ठेवला असेल तर. "रिकामा कप असा ठेवतात होय?" आता माणसाने ह्यावर बोलायचं काय? पण तिचं म्हणणं खरं होतं. रिकामा कप आणि भरलेला कप हाताला वेगवेगळे चालवतात, आणि ज्याला हे दिसत नाही त्याने तिच्या धंद्यात पाऊल टाकू नये, असं तिचं स्वच्छ मत होतं.

धंदा होता वस्तू हलवण्याचा. खऱ्या नव्हे, कॉम्प्युटरमधल्या. कुणी नवा नळ काढला, नवी कात्री काढली, घडीची खुर्ची काढली, की तिची फिल्म करून द्यायची. बाजारात यायच्या आधी, पुष्कळदा तर कारखान्यात बनायच्याही आधी, ती वस्तू पडद्यावर उघडायची, मिटायची, गरगर फिरायची. टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्याला दोन खोल्या, सहा कॉम्प्युटर, रबराचा वास आणि कडी नसलेलं बाथरूम, एवढा तो स्टुडिओ. पाच कॉम्प्युटरवर पंचविशीतली पोरंपोरी आणि सहाव्यावर ही, बावन्न वर्षांची, चष्मा डोक्यावर आणि राग नाकावर.

तिच्या टेबलावर स्वयंपाकघरातला वजनकाटा असे. स्टेपलर, दाराची मूठ, बाटलीचं बूच, समोर आलेली एकही वस्तू ती वजन केल्याशिवाय पडद्यावर घेत नसे. त्यावरून पोरांनी तिला 'काटा' नाव ठेवलं होतं. तोंडावर काटामॅडम, पाठीमागे नुसतं काटा. तिला ते माहीत होतं आणि ते नाव तिला मनातून आवडत होतं, पण तसं दाखवलं असतं तर उद्या डोक्यावर मिरे वाटायला कमी केलं नसतं त्यांनी.

ह्या धंद्यात ती आली ती वयाची चाळिशी उलटल्यावर. त्याआधी एकवीस वर्षं ती एका पंपाच्या कारखान्यात ट्रेसर होती. इंजिनिअर पेन्सिलीने ड्रॉइंग काढत आणि ट्रेसर बायका ते पारदर्शक कागदावर शाईने गिरवत. हात स्थिर हवा, रेघ एका जाडीची हवी, डाग पडला की सगळं पहिल्यापासून. एकवीस वर्षं तिने पंप गिरवले आणि त्यातला एकही चालताना पाहिला नाही. बायकांनी कारखान्याच्या शेडमध्ये जायचं नाही असा नियम होता. ड्रॉइंग ऑफिसच्या खिडकीतून शेडची भिंत दिसायची आणि त्या भिंतीपलीकडून धडधड ऐकू यायची. पुढे ऑफिस बंद झालं, ड्रॉइंगची तिरकी टेबलं भंगारात गेली, आणि निरोपाला प्रत्येक ट्रेसरला एकेक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. तिने ते आजवर भिंतीवर लावलेलं नाही.

मग कॉम्प्युटरचा क्लास. शिकवणारा तिला काकू म्हणायचा आणि कोपऱ्यातल्या बिघडक्या मशीनवर बसवायचा. चौथ्या महिन्यात त्याने वस्तूला वजन कसं द्यायचं ते शिकवलं. हिने घरातला एक चमचा काढला, एक ताटली काढली, दोघांना वजन दिलं आणि बटण दाबलं. चमचा पडला. ताटलीच्या काठावर आपटला, उडाला, उलटा झाला, परत पडला, थरथरत थरथरत मंद होत गेला आणि थांबला. आवाज नव्हता, तरी तिला तो ऐकू आला. शेजारची पोर म्हणाली, "काकू, मस्त!" काकूंच्या डोळ्यांत पाणी असेल असं त्या पोरीला वाटलं असणार. कसलं पाणी! काकू संतापल्या होत्या. एकवीस वर्षं आपण गिरवलेल्या प्रत्येक रेघेच्या पोटात हे होतं, आणि एका माणसाने, एकाही माणसाने, आपल्याला ते सांगितलं नाही.

तेव्हापासून तिने वस्तूंचा पिच्छा पुरवला. ती थोरल्या बहिणीकडे राहायची. ताई शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवायची, ताईचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा दूरगावी. हिने लग्न केलं नव्हतं, आणि का नाही केलं असं विचारणाऱ्याला ही उलट विचारायची, "तुम्ही का केलंत?" दोघी बहिणींच्या त्या घरात उघडणारं, सरकणारं, लटकणारं काहीही सुरक्षित नव्हतं. ही कपाटाचा दरवाजा ढकलून देई आणि मोबाईलवर त्याचं हळू चालणारं चित्रण घेई. दरवाजा दोनदा थांबतो, हे तिला त्यातून कळलं: आधी फळी थांबते, मग कडी. भरलेला ड्रॉवर रिकाम्यासारखा थांबत नाही. नळ बंद केल्यावरचा शेवटचा थेंब आधीच्या थेंबांपेक्षा लांब होऊन पडतो. "कुठलीही वस्तू निवांत पडलेली नसते गं," ती ताईला सांगायची. "ती वह्यांची चळत बघ. एका धक्क्याची वाट बघतेय. ती ताणलेली दोरी बघ." ताई म्हणायची, "मी पण एका धक्क्याचीच वाट बघतेय. माझे काचेचे कप कुठे ठेवलेस ते सांग."

स्टुडिओच्या मालकाशी मात्र तिचं विळ्याभोपळ्याचं सख्य. त्यांना सगळे सर म्हणत. पाठीमागे त्यांचं नाव लोणी, कारण कुठलीही फिल्म दाखवली की ते म्हणायचे, "जरा लोण्यासारखं करा." कात्री लोण्यासारखी उघडली पाहिजे, लोखंडी फाटक लोण्यासारखं सरकलं पाहिजे.

"त्याला वजन आहे सर," ती म्हणायची.

"मॅडम, बघणाऱ्याला वजन नको असतं."

"मग बघणाऱ्याला फुगे दाखवा."

तळपायाची आग मस्तकात जायची तिच्या. खऱ्या वस्तूची खरी चाल शोधून काढायला दोन दिवस घालवायचे आणि ह्या माणसाने एका वाक्यात तिच्यातला जीव काढून घ्यायचा! तरी ते तिला ठेवत, कारण अवघड काम तिच्याशिवाय कुणाला जमत नसे, आणि ती राहत होती, कारण बावन्नाव्या वर्षी नाकावर राग असलेल्या बाईला दुसरं कोण ठेवणार होतं?

तर अशात ते डेस्कचं काम आलं.

शाळेसाठी लाकडी डेस्क बनवणारा एक कारखाना होता. त्याच्या मालकाला सगळे शेठ म्हणत. नव्या डेस्कचं झाकण वर उघडायचं, आत दप्तर, आणि झाकण सोडलं की बिजागरीतल्या स्प्रिंगच्या जोरावर ते हळूहळू खाली यायचं. मुलांची बोटं चेंगरू नयेत म्हणून ही खास सोय. शाळांना दाखवायला फिल्म हवी होती, चार दिवसांत. नमुन्याचा डेस्क कुठे आहे, असं हिने विचारलं. बनायचाय, असं उत्तर आलं. ड्रॉइंग पाठवलंय.

"ड्रॉइंगला वजन नसतं," ती म्हणाली.

"बुधवारी डेस्क येतोय," लोणीसर म्हणाले. "तोवर कागदावरून करून ठेवा. तुम्ही तर जन्मभर कागदावरूनच केलंत."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. ते गंमत म्हणून बोलले असतील. तिला ते वर्मी लागलं. दिवसभर ती दातओठ खात बसली आणि कागदावरचा डेस्क तिने पडद्यावर उभा केला: पाय, खण, बिजागऱ्या, झाकण. आता त्या सॉफ्टवेअरची एक खोड आहे. नवी वस्तू घेतली की तिच्या वजनाच्या रकान्यात ते आपलं आपणच एक लिहून ठेवतं. एक किलो. टाचणी असो की ट्रक, तुम्ही बदलेपर्यंत एक किलो. ह्या धंद्यातलं शेंबडं पोरही आधी तो आकडा बदलतं. तिने तो बदलला नाही. मुद्दाम नाही बदलला. कागदावरचं हवंय ना, मग घ्या कागदाचं झाकण! ते वाऱ्यावर तरंगत खाली येईल, लोणीसरांना तोंडात मारल्यासारखं होईल, आणि वजनाशिवाय काम सांगितल्याबद्दल ते तिची माफी मागतील, असा तिचा हिशेब होता. त्या एक किलोला धरेल एवढ्या जोराची स्प्रिंग तिने कॉम्प्युटरकडून काढून घेतली आणि बटण दाबलं.

झाकण तरंगत, लाजत, मुरकत खाली आलं आणि आवाज न करता टेकलं.

लोणीसर खुर्चीच्या मागे उभे होते. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मॅडम," ते म्हणाले, "ह्याला म्हणतात लोणी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझं ऐकलंत." पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्या खोलीत तिच्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. झाकण हलकं चाललंय हे तिचा डोळा तिला सांगत होता. बुधवारी डेस्क आला की आकडा बदलू, असं तिने त्या डोळ्याला सांगितलं. बुधवारी डेस्क आला नाही. गुरुवारी फिल्म गेली, सोबत स्प्रिंगच्या जोराचा कागदही गेला, आणि शुक्रवारी एका नळाचं काम आलं, आणि नळाच्या थेंबात तिचं भान हरपलं.

दीड महिन्याने एका संध्याकाळी ताई शाळेतून आली तीच धुमसत. ती सहसा चिडत नसे. घरात चिडण्याचं खातं धाकटीकडे होतं.

"आमच्या वर्गात नवीन डेस्क आलेत," पिशवी खाली टाकत ती म्हणाली. "चाळीस. झाकणं आहेत की कुऱ्हाडी, देव जाणे. उघडून हात काढायच्या आत धाडकन पडतात. आज माझ्या पहिल्या रांगेतल्या पोरीची तीन बोटं सापडली. काळीनिळी झालीत. एका बोटाचं नख गेलं. सात वर्षांची पोर, लिहायचा हात. कसली किंचाळली!"

"कसले डेस्क?" हिने विचारलं.

ताईने सांगितलं. स्प्रिंग, बिजागरी, हळू मिटणारं झाकण. शाळेत सगळ्या शिक्षकांना बसवून फिल्म दाखवली होती. "फिल्ममध्ये कसं छान मिटत होतं!" ताई म्हणाली. फिल्म कुणी केली ते तिला माहीत नव्हतं. हिने ते सांगितलं नाही, कारण त्या क्षणी तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती: शेठने स्वस्तातली स्प्रिंग घातली. तिच्या फिल्मला त्याने खोटं पाडलं. पोरांच्या बोटांवर!

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आत ती ताईबरोबर वर्गात हजर. एका हातात स्क्रूड्रायव्हर, एका हातात वजनकाटा. पहिल्या रांगेतल्या डेस्कचं झाकण तिने सोडवलं. जाड फळी, खालून लोखंडी पट्ट्यांची चौकट. काट्यावर ठेवलं. तीन किलो चारशे. मग बिजागरीतली स्प्रिंग काढून पर्समध्ये टाकली. "आज त्या शेठच्या नाकावर ही स्प्रिंग आपटते," ती ताईला म्हणाली, आणि तडक ऑफिसात गेली, पुरावा घ्यायला. आपण कुठली स्प्रिंग सांगितली होती आणि त्याने कुठली घातली, हे शेजारी शेजारी ठेवून दाखवायचं होतं.

तिने डेस्कची फाईल उघडली. त्यातला स्प्रिंगचा आकडा पर्समधल्या स्प्रिंगवरच्या आकड्याशी ताडून पाहिला. तोच होता. तिने जी सांगितली तीच स्प्रिंग शेठने घातली होती, काडीचा फरक नाही. मग तिने वरचा रकाना पाहिला. झाकण, वजन: एक.

पोरं म्हणतात की काटामॅडम त्या वेळी एवढ्या जोरात ओरडल्या की खाली टायरवाला बाहेर येऊन वर बघायला लागला. काय ओरडल्या ते कुणाला कळलं नाही. शिवी होती, आणि ती कुणाला होती हे फक्त तिला माहीत होतं. आयुष्यभर जगाला वजन शिकवत फिरली ती बाई! रिकाम्या कपावरून माणसांना बोलली! आणि एका टोमण्याचा सूड म्हणून तिने तीन किलो चारशेचं झाकण एक किलोचं ठेवलं, आणि टाळ्या पडल्या म्हणून तसंच राहू दिलं. विसरले, असं म्हणायचीही सोय नव्हती. डोळ्याने सांगितलं होतं. तिने त्या डोळ्याला गप्प केलं होतं.

लोणीसर बाहेर आले. तिने सगळं सांगितलं.

"हळू बोला, मॅडम," ते म्हणाले. "आपण चित्र करतो. चित्राने कुणाचं बोट चेंगरत नाही."

"चेंगरलंय."

"शेठने वापरायच्या आधी तपासायला नको?"

"हवं होतं. आणि आपण?"

"सोमवारी त्यांचे अकराशे डेस्क निघणार आहेत. नंतर खुर्च्या, कपाटं, सगळं काम आपल्याकडे येतंय. ती फाईल बंद करा."

अकराशे! तिने फाईल बंद केली नाही. सगळ्यांच्या देखत तिने एक खोडून तीन पूर्णांक चार लिहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावरचं झाकण धाडकन आपटलं आणि अख्खा डेस्क थरथरला. मग तिने एक पेन्सिल काढली, साधी, लाकडाची, वजन सहा ग्रॅम, झाकणाच्या काठाखाली आडवी ठेवली आणि पुन्हा दाबलं. पेन्सिलीचे दोन तुकडे उडाले. पोरं खुर्च्या सोडून मागे गोळा झाली होती.

"तुम्ही हे घेऊन कारखान्यात गेलात," लोणीसर म्हणाले, "तर परत इथे येऊ नका."

"नाहीच येणार," ती म्हणाली. दहा वर्षं ह्या खुर्चीत काढली होती तिने. दुसरी खुर्ची कुठे ठेवलेली नव्हती.

कारखान्याच्या अंगणात ट्रक उभा होता आणि सोमवारसाठी डेस्क आतापासूनच चढत होते. शेठ ऑफिसच्या पायरीवर उभे राहून फोनवर बोलत होते. हिने तोंड उघडलं तसा त्यांनी फोन ठेवला, आत गेले आणि एक कागद घेऊन आले. फिल्मबरोबर स्टुडिओने पाठवलेला कागद होता तो. स्प्रिंगचा जोर इतका, झाकण एक किलो, आणि खाली तिची सही. प्रत्येक फिल्मखाली तिची ही असली सही असायची. हौस होती तिला.

"ही कुणाची सही?" शेठ म्हणाले. "ह्यावरून मी दोन हजार स्प्रिंगा मागवल्या."

"माझीच आहे. चूक माझी आहे. पण त्यात एक किलो लिहिलंय. तुमचं झाकण उचलून बघितलंत का कधी?"

"मी कशाला उचलू? फिल्ममध्ये नीट मिटत होतं."

शेडच्या दारात एक म्हातारा फिटर येऊन उभा राहिला होता. सगळे त्याला मामा म्हणत. तो हळूच म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, शेठ. पडतंय म्हणून."

"आणि मी तुला फिल्म दाखवली होती," शेठ म्हणाले.

"दाखवली होती," मामा म्हणाला. मग तो तिच्याकडे वळला. "दोन दिवस मी बिजागऱ्या काढत होतो, बसवत होतो. म्हटलं फिल्ममध्ये मिटतंय म्हणजे मिटायला पाहिजे. माझ्याच हाताला काहीतरी झालं असेल. वय झालं. घरी पण सांगितलं, आता काम सोडतो म्हणून."

हे ऐकून तिचा तोल गेला. बोटांबद्दल ती चिडून आली होती, पण हे काहीतरी निराळंच होतं. तीस-चाळीस वर्षं लाकूड पेललेला हा हात, आणि तिच्या एका खोट्या झाकणाने त्याला त्याच्याच हातावर संशय घ्यायला लावला. ती ट्रककडे गेली. चढवायला ठेवलेला एक डेस्क तिने ओढून शेठसमोर आणला आणि झाकण उघडून धरलं.

"हात ठेवा," ती म्हणाली.

"काय?"

"काठावर हात ठेवा, शेठ. फिल्ममध्ये मिटतंय ना हळू? ठेवा की."

"मॅडम, तमाशा नको."

"मुलं ठेवणार आहेत. अकराशे मुलं. तुम्ही एकदा ठेवा."

हमाल थांबले. शेठ हसले, आपण घाबरत नाही असं दाखवायला बाही मागे सारली आणि काठावर चार बोटं ठेवली. तिने झाकण सोडलं. बोटं मागे गेली. शेठनी नेली नाहीत, ती आपली आपण गेली, आणि झाकण रिकाम्या काठावर असं आदळलं की शेडच्या पत्र्यावरचे पक्षी उडाले.

शेठ आपल्या हाताकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी ट्रकवाल्याला हाताने खूण केली, आणि आवाज चढवून तिला म्हणाले, "मला हे लेखी पाहिजे. चूक तुमच्या स्टुडिओची, असं. नाहीतर मी शाळांना काय तोंड दाखवू?" तिने तोच कागद घेतला. एक किलो खोडलं, तीन किलो चारशे लिहिलं, आणि खाली लिहिलं की वजन मी मोजलं नव्हतं, मला ते चुकीचं आहे हे दिसत होतं आणि मी बोलले नाही. स्टुडिओची असं तिने लिहिलं नाही. सही केली. मामाने शेठच्या परवानगीची वाट न बघता ट्रकवरचे डेस्क उतरवायला घेतले.

त्या रात्री जेवताना तिने ताईला सांगितलं. फिल्म माझी होती. ताईचा घास हातात राहिला. तिने खडे बोल सुनावले असते, ताट आपटलं असतं, तर हिला सोपं गेलं असतं. भांडणात ही पटाईत होती. ताई ताट ठेवून उठली. हात धुऊन आल्यावर एवढंच म्हणाली, "शनिवारी वर्गात ये. मला नको सांगू. त्यांना सांग."

शनिवारी ती गेली. बरोबर मामा होता, हत्यारांची पिशवी घेऊन. पहाटेपासून दोघांनी मिळून चाळीसही झाकणं उतरवली आणि व्हरांड्यात भिंतीला लावून ठेवली. डेस्क आता उघडे खोके दिसत होते. नवी स्प्रिंग येईपर्यंत वर सपाट फळ्या टाकायच्या असं मामाने ठरवलं आणि त्या त्याने खिळ्यांनी पक्क्या ठोकल्या. एकही हलणार नाही, ह्याची त्याने हाताने दाबून खात्री केली. हलवायच्या धंद्यातली बाई ते बघत उभी होती.

मुलं आली. ताईने तिला पुढे बोलावलं. लोणीसरांशी, शेठशी, जगाशी भांडताना जिची जीभ कधी अडली नव्हती तिला चाळीस पोरांसमोर शब्द सापडेनात.

"हे झाकण," ती म्हणाली, "मी चुकीचं केलं होतं. ते किती जड आहे हे मी बघितलं नाही. म्हणून ते जोरात पडत होतं. आता काढून टाकलंय. आता काही पडणार नाही."

"तुम्ही सुतार आहात?" एका मुलाने विचारलं.

"नाही."

"मग तुम्ही कसं केलंत?"

ताईने मुलांना वह्या काढायला सांगितल्या. पहिल्या रांगेत ती पोर बसली होती. उजव्या हाताच्या तीन बोटांना पट्टी, पेन्सिल अंगठ्यात आणि करंगळीत कशीबशी धरलेली. तिच्यासमोरची फळी गुळगुळीत होती, घट्ट ठोकलेली होती, तिला उघडायला काही नव्हतं आणि मिटायलाही काही नव्हतं. काटा तिच्याजवळ गेली. खाली वाकून तिने आपले दोन्ही हात त्या फळीवर ठेवले, दाबले, थापटून दाखवले.

"बघ," ती म्हणाली. "हलत नाही. ठेव हात."

पोरीने फळीकडे बघितलं. मग तिने वही उचलून मांडीवर घेतली आणि तिथेच, पाठीला बाक काढून, लिहायला लागली.